संदर्भ हवा

"बरेच दिवस दिसला नाहीत, ताई. तब्येत बरी आहे ना?"

एवढं टंकून त्याने खाली सही केली, बटण दाबलं आणि तो खुर्चीत मागे टेकला. तेवढ्यात पाठीमागच्या फळीवर बायकोचा फोन वाजला. घंटी नव्हे, नुसतं एकदा टिंग.

त्याने लक्ष दिलं नाही. बायको जाऊन महिना उलटला होता, पण तिचा फोन बंद करायला मन होत नव्हतं. रोज सकाळी स्वतःच्या फोनबरोबर तिचाही तो चार्जिंगला लावायचा. अजून त्यावर जाहिराती येत. गेलेल्या माणसालाही नवा प्लॅन घ्या म्हणून सांगणारे लोक असतात.

मग त्याला वाटलं, आपलं लिहिणं जरा कोरडं झालं. नवीन माणूस अशाने बिचकतो. त्याने आणखी एक ओळ लिहिली, "लेखाची घाई नाही. सवडीने या," आणि बटण दाबलं.

फळीवर पुन्हा टिंग.

या वेळी तो उठला. फोनच्या काचेवर लिहिलं होतं: 'वजनकाटा यांनी तुमच्या चर्चा पानावर संदेश ठेवला आहे.' आणि खाली: 'लेखाची घाई नाही. सवडीने या.'

तो टेबलाशी गेला आणि संगणकावरचं वाचलं. परत फळीशी आला आणि फोनवरचं वाचलं. शब्द तेच होते. चष्मा पुसून पुन्हा वाचले, तरी तेच होते. बायको गेली हे त्याला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. काय गेलं, ते त्या सकाळी कळलं.

'वजनकाटा' म्हणजे तोच. कारखान्याच्या फाटकाशी गाड्या तोलायचा काटा होता, त्यावर तो कारकून. भरलेली गाडी तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची, आणि फरक पावतीशी जुळला तरच फाटक उघडायला सांगायचं. ड्रायव्हर गयावया करत. "साहेब, तोंडी सांगतो ना, माल तेवढाच आहे." तो म्हणायचा, "तोंडाचं वजन होत नाही. कागद आण." दिवसभर अशी हुज्जत घालून घरी आला की त्याला शब्द जड व्हायचा. जेवायचा, आणि संगणकासमोर बसायचा.

तिथे त्याचं दुसरं जग होतं. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, ज्यात कोणीही येऊन लिहावं, कोणीही येऊन सुधारावं. लिहिणाऱ्याला पैसा नाही, मान नाही, तोंडओळखसुद्धा नाही. सगळे टोपणनावाने वावरणारे. बरीच वर्षं तो तिथे नवख्यांना शिकवत होता. नवखा आला की आधी चुका करतो, मग चिडतो, मग निघून जातो. तो जाऊ नये म्हणून त्याला धरून बसवायचं, हे त्याचं काम. आणि हे काम तो फार गोडीने करायचा. एकच गोष्ट तो शंभर जणांना शंभर वेळा सांगायचा, आणि प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगतोय असं वाटायचं.

गेल्या वर्षी त्याच्याकडे एक नवखी आली होती. नाव घेतलं होतं 'सुईदोरा'. काज या विषयावर लेख लिहायचाय म्हणाली. काज म्हणजे बटण जातं ती शिवलेली चीर. सहा-सात महिने ती रोज काहीबाही विचारायची आणि तो रोज सांगायचा. गेल्या महिन्यापासून ती आली नव्हती. पण गेल्या महिन्यापासून त्याने तरी कुठे डोकावून पाहिलं होतं. आज पहिल्यांदा बसला आणि पहिली चौकशी केली ती तिची.

त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा? कामावर नाही गेलात?"

"सुट्टी आहे. एक विचारायचं होतं. आईच्या फोनवर माझे मेसेज येतायत."



"कुठले मेसेज?"

"तुला माहितीये कुठले."

"हो," लेक म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मीच तिला खातं उघडून दिलं होतं. मराठी कसं टाइप करायचं तेही मीच शिकवलं. तुम्हाला सांगणार होते बाबा. पण लेख पुरा झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. तुमचं तोंड बघायचं होतं तिला. मग लेख पुराच झाला नाही. मग कसं सांगू तेच कळेना."

"पण असलं कशाला करायचं?"

"कशाला म्हणजे? तुमच्याशी बोलायला."

"घरातच होतो की मी."

"घरात होतात," लेक म्हणाली. "बोलायला तिकडे असायचात." आणि जास्त लागलं असेल असं वाटून लगेच म्हणाली, "ती रागाने नाही हो करायची. मजा वाटायची तिला. एकदा तुम्ही संगणक चालू ठेवून आंघोळीला गेलात, तेव्हा तिने तुमचं ते चर्चेचं पान वाचलं. मला फोन करून म्हणते, तुझे बाबा तिथे काय छान बोलतात गं. असा माणूस आपल्याला कधी भेटला नाही म्हणते. बाबा, चहा घेतलात का?"

"घेतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने चहा केला नाही. खुर्ची ओढली आणि सुईदोराचं चर्चा पान अगदी पहिल्यापासून वाचायला घेतलं. ज्ञानकोशाचं हे एक बरं असतं. तिथलं बोलणं हवेत विरत नाही.

पहिलाच संदेश होता: "नमस्कार सर. मला काही येत नाही. कुठून सुरू करू."

खाली त्याचं उत्तर: "ताई, आपले स्वागत आहे. इथे आलो तेव्हा कोणालाच काही येत नव्हते. आधी धूळपाटीवर लिहून पाहा. ती सरावाचीच जागा आहे. तिथे चुकले तरी कोणी रागावत नाही."

"चुकलं तर पुसता येतं का सर?"

"पुसता येते. आणि पुसलेलेही मागे जाऊन पाहता येते. इथे केलेले काही वाया जात नाही."

त्याने आठवून पाहिलं. घरात बायकोशी इतकी वाक्यं एका दमात आपण शेवटची कधी बोललो होतो, ते त्याला आठवेना.

पुढच्या आठवड्यात तिने धूळपाटीवर काजाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली पत्राखाली करतात तशी सही केली होती: 'आपली नम्र, सुईदोरा.' त्याने समजावलं होतं: "ताई, लेखाखाली सही करत नाहीत. लेख कोणा एकाचा नसतो. सही फक्त चर्चेत करावी."

"मग लिहिणाऱ्याचं काय उरतं सर?"

"प्रत्येक पानाला इतिहास असतो. तिथे कोणी काय लिहिले त्याची नोंद राहते."

"अहो सर, पण इतिहास कोण उघडून बघतो?"

तिच्या निम्म्या संदेशांची सुरुवात 'अहो सर' अशी होती. एकदा त्याने लिहिलं होतं, "'अहो' कशाला, ताई? इथे सगळे सारखेच." त्यावर तिचं उत्तर: "सवय आहे सर. घरी तेच म्हणते."

हे वाचून त्याने पडद्यावरून नजर काढली. घरी तेच म्हणते. हे ती स्वयंपाकघरात बसून लिहीत होती. तो इकडे खोलीत पाठमोरा बसलेला, मध्ये एक भिंत, आणि भिंतीपलीकडून बायको 'अहो' म्हणतेय नि इकडून नवरा तिला 'ताई' म्हणतोय. सहा-सात महिने त्याने स्वतःच्या लग्नाच्या बायकोला बहीण केलं होतं. त्याला हसू आलं. तिला तर किती आलं असेल. आता आठवलं, त्या दिवसांत ती फोन हातात घेऊन तोंडाला पदर लावून हसायची. त्याला वाटायचं, लेकीने काहीतरी पाठवलं असेल. "काय गं?" म्हणून त्याने विचारलंही होतं एकदा. "काही नाही. एक माणूस फार शहाण्यासारखं बोलतो," असं ती म्हणाली होती. तो पुन्हा पडद्याकडे वळला होता.

तो वाचत गेला. एके ठिकाणी तिने लिहिलं होतं, 'पातळ कापडावर आधी चिरेच्या भोवती टाके घालून घ्यावेत, मग चीर पाडावी, म्हणजे कापड घाबरत नाही.' त्याने हे खोडलं होतं. "ताई, कापड घाबरते असे ज्ञानकोशात लिहीत नाहीत. 'धागे सुटत नाहीत' असे लिहावे."

"धागे सुटतात ते घाबरूनच सर."

"असेल. पण आपण फक्त सुटतात एवढेच लिहू. का सुटतात ते वाचणाऱ्यावर सोडू."

"बरं सर. तुम्ही म्हणता म्हणून. पण माझं म्हणणं चूक नाही."

आणि मग त्याला जेवणाची ती वेळ आठवली. त्याने स्वतःहून विषय काढला होता, हे त्यातलं नवल. "आमच्याकडे एक बाई आलीय. काजावर लिहिते. तुझ्याच धंद्यातली दिसते." बायको शिंप्याच्या दुकानाची हातकाजं घरी आणून करायची, म्हणून तो तसं म्हणाला.

"हो का?" बायको ताटाकडे बघत म्हणाली. "बरं लिहिते का?"

"सरळ लिहिते. शुद्धलेखन कच्चं आहे."

"शिकली नसेल फार."

"शिकण्याचं काही नाही गं त्यात. लिहायला बसली हेच खूप. कापड घाबरतं म्हणते."

"मग? घाबरतंच."

"तुम्ही सगळ्या एकाच माळेचे मणी," तो म्हणाला होता, आणि दोघंही हसली होती.

त्याच्या मनात तेव्हा शंकेची पालही चुकचुकली नाही. त्याच्या लेखी बायको फोनवर फक्त बोलायची, फार तर लेकीने पाठवलेलं बघायची. संगणकाला ती 'तुमचं यंत्र' म्हणायची आणि फडकं मारतानासुद्धा त्याला चुकवून मारायची. माणसाबद्दल एकदा काय ते ठरवून टाकलं की पुन्हा तोलून बघायचं कोणाच्या मनात येतं?

पान संपत आलं तसं वाचणं जड होऊ लागलं. लेख बराचसा तयार झाला होता. पण ज्ञानकोशाचा नियम असा, की लिहिलेलं प्रत्येक विधान कुठेतरी छापलेलं असावं लागतं. त्याला संदर्भ म्हणतात. संदर्भ नसला की त्या वाक्यापुढे तशी पाटी लावतात. त्याने नियमाप्रमाणे बऱ्याच वाक्यांपुढे 'संदर्भ हवा' लावलं होतं. एका वाक्यावर तर दोघांची बरीच बोलाचाली झाली होती. ते वाक्य असं:

'एका काजाला बसले की ते पुरे करूनच उठावे. मध्ये उठल्यास हाताचा ताण बदलतो व ती जागा कापड धुतल्यावर दिसते.'

"ताई, वाक्य चांगले आहे. पण हे कुठे छापलेले आहे?"

"मी स्वतः पाहिलंय सर."

"आपण स्वतः पाहिलेले चालत नाही. दुसऱ्या कोणी पाहून छापलेले लागते."

"दुसरं कोण बघत बसणार सर काजाकडे?"

"शिवणकामाचे एखादे पुस्तक मिळाले तर सगळ्याच संदर्भांचे काम होईल. वाचनालयात पाहा. स्वतःला जमत नसेल तर घरच्यांना आणायला सांगा."

चार दिवसांनी तिचं उत्तर होतं: "घरी सांगितलं होतं सर. घरच्यांनी मनावर घेतलं नाही."

आणि त्याखाली तो, वजनकाटा, घरच्यांची बाजू घेऊन लिहीत होता: "पुन्हा एकदा सांगून पाहा, ताई. माणसे कामाच्या व्यापात असतात. ऐकून न ऐकल्यासारखे करतात, पण मनात तसे काही नसते."

"बरं सर. सांगून पाहते."

तो तिचा शेवटचा संदेश.

तिने सांगून पाहिलं होतं. त्याला चांगलं आठवत होतं. तो बूट घालत होता आणि ती दारात उभी होती. "अहो, ते शिवणाचं पुस्तक बघता का वाचनालयात?" "या वयात काय परीक्षा द्यायचीय का तुला?" तो म्हणाला होता, पण मग चढ्या आवाजाचं त्यालाच वाईट वाटून, "रविवारी बघू," असंही म्हणाला होता. शनिवारी तिच्या छातीत दुखलं. रविवार दवाखान्यातच उजाडला, आणि मावळताना ती नव्हती.

चर्चा पान वाचून काढल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर तो वाचनालयात गेला. शिवणावरची तीन पुस्तकं निघाली. देवाणघेवाणीच्या टेबलावरची बाई म्हणाली, "मिसेससाठी का?" ती नवी होती, तिला काही ठाऊक नव्हतं. तो "हो" म्हणाला.

आठवडाभर तो ती पुस्तकं घेऊन बसला. काजाचे प्रकार, चीर, भरीव दोरा, गाठीचा टाका, टोकाशी घालायचा आडवा टाका, एकेका विधानाला पानाचा आकडा मिळत गेला आणि एकेक पाटी उतरत गेली. आधी टाके घालून मग चीर पाडायची, हेही एका पुस्तकात सापडलं. कापड घाबरतं असं त्यात म्हटलेलं नव्हतं. पण मध्ये न उठण्याबद्दल तिन्ही पुस्तकांत एक अक्षर नव्हतं.

म्हणून तो शिंप्याकडे गेला. बायको ज्याची काजं करायची ते दुकान. मास्तर कोटाच्या बाहीवर खडूने रेघ मारत होते. त्याला बघून त्यांनी खडू ठेवला आणि स्टुलावरचे तुकडे उचलून जागा केली.

"बसा. वहिनी गेल्यावर हातकाजांचं काम मी घ्यायचंच सोडलंय बघा. गिऱ्हाइकाला सांगतो, मशीनचं चालत असेल तर बोल."

"मास्तर, एक विचारायचंय. काज मध्येच सोडून उठलं, तर ते नंतर दिसतं का?"

"दिसतं की. म्हणजे तुम्हाला नाही दिसायचं. आम्हाला दिसतं. बसणारा माणूस तोच, सुई तीच, पण परत बसला की हात दुसरा होतो."

"हे कुठे छापलंय का?"

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. "छापायचं काय त्यात? माझ्या बापाने मला एक ठेवून दिली होती मध्येच उठलो म्हणून. ती चालेल का?"

"नाही चालायची."

"तुम्ही पण त्या वहिनींच्या सरांसारखंच बोलायला लागलात," मास्तर म्हणाले. "त्यांनी कुठला क्लास लावला होता ना फोनवर. रोज सांगायच्या, आज सर असं म्हणाले, आज सर तसं म्हणाले. सरांनी म्हणे कागद मागितलाय. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या नशिबात सगळे कागद मागणारेच कसे हो? घरचा एक, बाहेरचा एक."

"मग काय म्हणाली?"

"हसल्या. राग मानू नका हं, पण तुमच्या काट्यावर माशी बसली तरी तुम्ही तिच्याकडे पावती मागाल, हे सगळ्यांना माहितीये. त्या म्हणाल्या, सरांचं तसं नाही मास्तर. ते मागतात, पण का मागतात ते समजावून सांगतात. दहा वेळा विचारलं तरी चिडत नाहीत. सर म्हणाले, माझं वाक्य सरळ असतं. हे तर त्यांनी मला दोनदा ऐकवलं." मास्तरांनी पुन्हा खडू उचलला. "फी किती होती हो त्या क्लासची?"

"फी नव्हती."

"फुकट शिकवत होता? मग देवमाणूसच म्हणायचा. तुम्ही भेटलात का कधी त्याला?"

"तोंडओळख आहे," तो म्हणाला.

"मग त्याला कळवा बिचाऱ्याला. वाट बघत असेल."

"कळलंय त्याला," असं म्हणून तो उठला.

घरी आल्यावर त्याने कपाट उघडलं आणि स्वतःचे सदरे काढून खिडकीशी नेले. मास्तरांनी शिवलेले, आणि काजं सगळी तिच्या हातची. इतकी वर्षं रोज सकाळी त्याची बोटं या काजांतून बटणं घालत होती, पण काज म्हणून त्याने एकाकडेही पाहिलेलं नव्हतं. उजेडात धरलं, चष्मा नाकावर सरकवला. आधी काहीच दिसेना. सगळे टाके सारखेच. मग एका निळ्या सदऱ्याच्या छातीवरच्या काजात त्याला दिसलं. अर्ध्यापर्यंत टाके सैल, मऊ चालत आलेले, आणि तिथून पुढे एकदम घट्ट, जरासे तिरके. एकदा नजर बसल्यावर पुष्कळ सापडायला लागली. पांढऱ्यावर दोन. रेघांच्या सदऱ्यावर गळ्याशी एक. एका कफाचं तर दोनदा सुटलेलं होतं.

चष्मा कुठेय. टॉवेल दे. चहा टाकतेस का. तो हाक मारायचा आणि ती हातातलं ठेवून यायची. थांबा, एवढं काज होऊ द्या, असं ती म्हणाल्याचं त्याला आठवत नव्हतं. अर्थात प्रत्येक जागी त्याचीच हाक असेल असंही नाही. दारावर कोणी आलं असेल. लेकीचा फोन आला असेल. कोणासाठी उठली ते काजावर लिहिलेलं नव्हतं. एवढंच, की उठली होती.

या सदऱ्यांचे फोटो लेखात लावावेत असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण दुसऱ्या कोणी लावले असते तर त्याने स्वतःच खाली शेरा मारला असता: स्वतःचे निरीक्षण आहे, संदर्भ म्हणून ग्राह्य नाही. त्याने सदरे घडी करून ठेवले.

लेख पुरा झाला की कोणीतरी अनुभवी माणूस तो तपासतो आणि धूळपाटीवरून मुख्य ज्ञानकोशात नेतो. सुईदोराचा लेख खरं तर त्यानेच तपासायचा होता. पण घरच्या माणसाची गाडी आपण काट्यावर घ्यायची नाही, ती दुसऱ्याला तोलायला द्यायची, हा नियम त्याने नोकरीत पाळला होता. म्हणून त्याने दुसऱ्या एका जुन्या संपादकाला लिहिलं. त्याचं तिथलं नाव 'पहारेकरी'. बारा वर्षांची ओळख, पण एकमेकांचा चेहरा पाहिलेला नाही.

"हा लेख मी तपासू शकत नाही. लेखिका माझी पत्नी होती. मला ठाऊक नव्हते."

हे कसं वाचलं जाईल याचा त्याने विचार केला नाही. पहारेकऱ्याचं उत्तर संध्याकाळी आलं. "वाचून फार वाईट वाटले. काय लिहावे सुचत नाही, म्हणून कामाचे लिहितो. लेख उत्तम आहे. सर्व संदर्भ पाहिले, चोख आहेत. फक्त एक वाक्य संदर्भाविना आहे, मध्ये उठण्याबद्दलचे. तेवढे काढा, म्हणजे आजच मुख्य ज्ञानकोशात नेतो."

त्याने संपादनाची खिडकी उघडली. वाक्य निवडलं. ते निळ्या पट्ट्यात उभं राहिलं. आता एक कळ दाबायची होती. असली शेकडो वाक्यं त्याने काढली होती. लोक भांडले, रडले, नातलगांची शपथ घालून सांगू लागले, तरी काढली होती. नियम चुकीचा आहे असं त्याला आजही वाटत नव्हतं. कोणी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं, ते खरं धरायला लागलं तर ज्ञानकोशात काहीही येईल. पाटीसुद्धा त्यानेच लावलेली. ती नुसती काढून वाक्य तसंच ठेवलं असतं, तर पहारेकऱ्याने एक वेळ डोळेझाक केली असती. तेही त्याच्याने होईना. तिला खोटा संदर्भ लावून दिल्यासारखं झालं असतं.

खिडकी तशीच उघडी ठेवून तो बसून राहिला. मग काही न बदलता ती बंद केली.

"जड जात असेल तर मी काढतो," पहारेकऱ्याने दुसऱ्या दिवशी लिहिलं.

"नको," त्याने लिहिलं. "माझे मी पाहतो."

लेक सुट्टीला आली तेव्हा त्याने तिला लेख दाखवला. तिने सगळा वाचला, शेवटी डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढं एक वाक्य अडलंय होय? बाबा, ते काढा आणि करून टाका ना. तिचा लेख तरी होईल."

"होईल," तो म्हणाला.

"मग?"

"बघू या रविवारी," असं तो बोलून गेला.

धूळपाटीवरच्या लेखाला सहा महिने कोणी हात लावला नाही तर तो काढून टाकतात. म्हणून अधूनमधून तो लेख उघडतो. एखादा स्वल्पविराम घालतो, पुढच्या वेळी तोच काढतो. लेख जिवंत ठेवायची ही जुनी युक्ती आहे. असं करणाऱ्या कितीतरी जणांना त्याने पूर्वी दटावलं होतं. पहारेकऱ्याच्या नजरेतून हे सुटत नसणार, पण तो काही म्हणत नाही. नवख्यांना शिकवायचं काम त्याने पुन्हा सुरू केलं आहे. वाचनालयांच्या यादीत शिवणाचं एखादं जुनं पुस्तक दिसलं की जाऊन बघून येतो. आतापर्यंत बरीच पाहिली.

लेख धूळपाटीवरच आहे. त्या वाक्याला संदर्भ मिळायचा आहे.